चौथ्या कप्प्यातलं अंडं

माझ्या सासऱ्यांना लोक चांगला माणूस म्हणतात. लोकांना त्यांच्याकडून ताजी अंडी मिळतात आणि लोकांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते ओरडत नाहीत, तेव्हा लोकांचं म्हणायला काय जातं? मी त्या घरात अकरा वर्षं काढली आहेत. मला विचाराल तर माणूस हुशार आहे, कष्टाळू आहे, स्वच्छ आहे आणि त्याच्याबरोबर एका छपराखाली राहणं ही सक्तमजुरी आहे.

एकतीस वर्षं ते कापडाच्या गिरणीत तपासनीस होते. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि हे त्यातला तुटका धागा, गाठ, विरळ वीण हुडकायचे. सापडली की खडूनं फुली. गिरणीत त्यांना 'भिंग' म्हणायचे, आणि आमच्या इमारतीतली मुलं अजूनही भिंगआजोबा म्हणतात. निवृत्त होताना गिरणीनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते दोन मिनिटं मागे आहे हे त्यांनी तिथल्या तिथे, देणाऱ्या साहेबांच्या तोंडावर सांगितलं.

निवृत्तीनंतर फुल्या मारायला कापड उरलं नाही, मी उरले. कपाची कड, डब्याचं झाकण, दोरीवर कपडे घालायची पद्धत, भाजीतलं मीठ. दिवसाला दहा-बारा फुल्या ठरलेल्या. माझा नवरा म्हणायचा, "अगं, त्यांचा स्वभावच आहे." स्वभाव म्हटलं की आमच्या घरात सगळं माफ असतं, फक्त माझा स्वभाव सोडून.

मग त्यांनी लावे आणले, आणि सुरुवातीला मला वाटलं, सुटले.

लावा म्हणजे मुठीत मावणारा, गुबगुबीत, तपकिरी पक्षी. स्वयंपाकघरामागे एक अरुंद खोली होती, अडगळीची. तिथे सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं लोखंडी पट्ट्या आणि जाळीचे चाळीस कप्पे बांधले, एका कप्प्यात एक मादी. तळाची जाळी किंचित उतरती, म्हणजे अंडं घातलं की घरंगळत पुढच्या पन्हाळीत येऊन थांबतं. कप्प्यांच्या छताला आतून कापड ताणून बसवलेलं, कारण हा पक्षी भ्यायला की सरळ वर उडी मारतो आणि छत कडक असेल तर मान मोडून मरतो. ते कापड गिरणीतलं, नापास झालेलं. पिल्लं सतराव्या दिवशी अंड्यातून बाहेर येतात तेव्हा अंगठ्याच्या पेराएवढी असतात आणि पाण्याच्या बशीतसुद्धा बुडून मरतात, म्हणून बशीत काचेच्या गोट्या घालाव्या लागतात. त्या गोट्या माझ्या मुलाच्या. त्यानं मागितल्या तर म्हणाले, "तू काय, पोहायला शिकशील." मुलगा हसला. मी नाही हसले.

हे सगळं ते उत्तम करायचे, हे कबूल करायला मला कष्ट पडतात, पण करते. खोलीला वास येऊ द्यायचा नाही म्हणून दिवसातून दोनदा विष्ठेचे ट्रे धुवायचे. खाद्यात शिंपल्यांचा चुरा स्वतः कुटून घालायचे. गिरणीतला खाकी कोट घातल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत, कारण लाव्यांना नेहमीचा रंग ओळखीचा लागतो. आणि अंडी! लाव्याचं अंडं ठिपक्याठिपक्यांचं असतं, आणि प्रत्येक मादीची ठिपक्यांची तऱ्हा आपली आपली असते. एकीची बारीक भुरभुर, दुसरीचे मोठे फराटे, तिसरीचा नुसता टोकाला पट्टा. ती तऱ्हा बदलत नाही. चाळीस अंडी एका पातेल्यात मिसळून पुढे ठेवा, सासरे एकेक उचलून सांगणार, हे सतराव्या कप्प्यातलं, हे नवव्या. अंडी घ्यायला येणाऱ्यांचा हा खेळच झाला होता. कोणी म्हणालं, पायात नंबराची कडी घाला, तर ते नाक मुरडायचे. "कडी कशाला? अंडं हीच तिची सही."

त्यांची लाडकी मादी चौथ्या कप्प्यात होती. तिच्या अंड्यावर एका बाजूला भलामोठा काळा थेंब असायचा, दौत कलंडल्यासारखा. तिचं नाव शाईवाली. सात वर्षं पिढीमागून पिढी निवडून त्यांनी तो थेंब मोठा करत आणला होता. माझं लग्न होऊन अकरा वर्षं झाली, मला त्यांनी नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. "अगं ए" हेच माझं नाव.

उन्हाळ्यात त्यांनी कप्प्यांची रांग फिरवली. खिडकीतून ऊन यायचं म्हणून पहिले चार कप्पे स्वयंपाकघराच्या दाराकडे आले, आणि चौथा अगदी दाराला लागून. तेव्हापासून त्यांना सोयच झाली. लाव्यांचं पाणी बदलता बदलता ते त्या दारात येऊन उभे राहायचे, एक हात चौथ्या कप्प्यावर ठेवायचे आणि माझ्या ओट्याची तपासणी करायचे.

"गॅस मोठा आहे! किती वेळा सांगायचं? ते झाकण त्या पातेल्याचं नाही!"

बोलताना त्यांचा हात कप्प्यावर आपटायचा. गिरणीत यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेलेलं, त्यांचं साधं बोलणंही तीन मजले ऐकू जातं. खालच्या मजल्यावर एक शाळामास्तरीण राहते, ती जिन्यात भेटली की मला विचारायची, "आज काय, मीठ का?"

त्याच सुमारास माझा धाकटा भाऊ आला. तो एका उपाहारगृहात स्वयंपाकी आहे, हाताचा फार कुशल, बिघडलेलं यंत्र दिसलं की त्याला राहवत नाही. आमचा मिक्सर जळाल्यासारखा वास मारत होता, तो त्यानं पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दुरुस्तीला नेला. जाताना सासऱ्यांच्या पाया पडला. ते म्हणाले, "हळू जा."

पुढच्या आठवड्यात चौथ्या कप्प्याच्या पन्हाळीत पांढरं अंडं आलं. शुभ्र, एक ठिपका नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरं. तिसऱ्या दिवशी सासरे ते अंडं दोन बोटांत धरून बैठकीच्या खोलीत आले. रविवार होता. नवरा, मुलगा, मी, आणि मिक्सर परत द्यायला आलेला माझा भाऊ, सगळे बसलो होतो. बाहेरचं दार सताड उघडं होतं.

"माझी मादी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

त्यांनी ते अंडं सगळ्यांपुढे फिरवलं.

"चौथ्या कप्प्यात दुसरीच मादी आहे. शाईवालीचं अंडं असं नसतं. कोणीतरी बदलली." मग माझ्या भावाकडे वळून, "त्या दिवशी खोक्यात काय होतं?"

"मिक्सर होता, बाबा. हा काय आणलाय."

"खोक्याला भोकं होती. मिक्सरला श्वास घ्यायला लागतो का?"

ती हात घालून खोकं उचलायची भोकं होती. भावाला आधी हसू आलं. ते हसू सासऱ्यांनी पाहिलं आणि त्यांचा पारा चढला.

"हॉटेलवाले असली पाखरं शोधतच असतात! बहिणीनं काढून दिली, भावानं नेली. जागी दुसरी आणून ठेवली, म्हाताऱ्याला काय कळतंय! चोर आहात दोघं. चोर!"

जिन्यात पावलं थांबलेली मला ऐकू आली. मी म्हटलं, "बाबा, ती भेदरली असेल. भेदरली की अंड्याला रंग चढत नाही, तुम्हीच सांगता ना लोकांना." खरंच सांगायचे. लावे पाळणारं कोणी फोनवर पांढऱ्या अंड्यांचं रडगाणं गायला लागलं की यांचा पहिला प्रश्न असायचा, घरात कुत्रं आहे का, मांजर आहे का, शेजारी ठोकाठोक चाललीय का.

"भेदरायला माझ्या खोलीत आहे काय?" ते गरजले.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मिक्सरची वायर गुंडाळत होता. अगदी नीट गुंडाळली त्यानं. भाऊ उठला, चपला घातल्या आणि मला म्हणाला, "ताई, मी निघतो." तो गेला तो गेलाच. मी फोन केला की म्हणतो, "तू ये गं इकडे. मी त्या जिन्यात पाय ठेवणार नाही, सगळ्यांनी ऐकलंय." बरोबरच आहे त्याचं. आईवडिलांमागे माझं माहेर म्हणजे तो एकटा, आणि माझ्याच घरात त्याला चोर ठरवून हाकललं. तो शब्द परत घ्यायला लावीन तेव्हाच गप्प बसेन, असं मी त्या दिवशी ठरवलं.

सासऱ्यांनी लाव्यांच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवली. ओरडणं मात्र चालूच, किंबहुना दुप्पट. आता दारात उभं राहून खोक्यांचा, भावांचा, खाल्ल्या घराचे वासे मोजणाऱ्यांचा उद्धार होऊ लागला. अंडी पांढरीच.

महिन्याभरानं त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, मोतीबिंदूचं. डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवस धुळीत जायचं नाही, पिसांच्या जवळपास तर नाहीच. माझी नणंद दवाखान्याच्या जवळ राहते. ती म्हणाली, बाबा माझ्याकडे राहतील. जाताना त्यांनी किल्ली माझ्या नवऱ्याच्या हातात दिली आणि माझ्यासमोर त्याला सांगितलं, "हिच्या हातात देऊ नकोस." खाकी कोट पिशवीत घालून बरोबर नेला. धुळीत जायचं नव्हतं, तरी नेला. मी घालू नये म्हणून.

नवरा पहिल्या सकाळी आत गेला आणि पिसांनी त्याला अशा शिंका सुरू झाल्या की पाण्याचं भांडं त्याच्याच पायावर सांडलं. चहा व्हायच्या आत किल्ली माझ्या हातात आली.

मी पिवळ्या गाऊनमध्ये दार उघडलं, आणि चाळीसच्या चाळीस लावे एकदम छतावर आदळले. धप धप धप. नापास कापडानं त्यांच्या माना वाचवल्या. मी तिथेच खाली बसले आणि मला रडू आलं, पाखरांसाठी नाही, रागानं. मग एक जुना राखी गाऊन काढला आणि पंधरा दिवस आत जाताना तोच घातला. सासऱ्यांना सात वर्षं करताना पाहिलं होतं, काय करायचं ते मला पाठ होतं. ट्रे धुतले, शिंपले कुटले, पाणी भरलं, कामापुरतंही तोंड उघडलं नाही. आणि दर दिवसाचं चौथ्या कप्प्यातलं अंडं, त्यांच्याच पद्धतीनं खाली पेन्सिलीनं तारीख घालून, एका ट्रेमध्ये ओळीनं ठेवत गेले.

पहिले तीन दिवस अंडंच नाही. मीच घाबरवलं होतं तिला. मग पांढरं. पुन्हा पांढरं. सहाव्या दिवशी टोकाला राखेसारखी पुसट धूळ. आठव्याला दोन-चार ठिपके. दहाव्याला एका बाजूला करडा डाग. त्याच दिवशी शाळामास्तरीण जिन्यात म्हणाली, "सासरे कधी येणार? नाही, सहज विचारलं. इमारत कशी शांत शांत वाटते." मी उभ्या जागी थांबले. या दिवसांत खोलीत काय बदललं? खाद्य तेच, पाणी तेच, दिवा तोच. एक माणूस नव्हता, बस्स. भेदरायला माझ्या खोलीत आहे काय, असं विचारलं होतं ना? तुम्ही होता.

बाराव्या दिवशी पन्हाळीत काळा थेंब आला. पहिल्यापेक्षाही मोठा. मी ते अंडं हातात धरून स्वयंपाकघरात नाचले, खोटं कशाला सांगू.

सासरे घरी आले ते काळा चष्मा लावून. चहा झाल्यावर मी ट्रे त्यांच्यापुढे ठेवला. नवरा होता, पोचवायला आलेली नणंद होती. "बघा," मी म्हटलं. "तीच मादी. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. ती कुठेही गेली नव्हती."

त्यांनी चष्मा काढला. एकेक अंडं उचलून दिव्याकडे धरलं, तारखा वाचल्या. नवी दृष्टी आलेला डोळा लाल होता. त्यांना कळायला वेळ लागायचा नाही हे मला माहीत होतं. असल्या बाबतीत त्या माणसाला फसवणं अशक्य आहे. मी वाट पाहत राहिले. शेवटचं अंडं त्यांनी सर्वांत जास्त वेळ पाहिलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी नसताना परत आणून ठेवलीस."

नणंद म्हणाली, "बाबा, काहीतरीच काय!" नवऱ्यानं, देव त्याचं भलं करो, खिडकीबाहेर पाहिलं. मला त्या क्षणी तो ट्रे त्यांच्या डोक्यावर उपडा करावासा वाटला. केला नाही, कारण पुरावा फुटला असता. मी एवढंच म्हटलं, "किल्ली घ्या. आता तुम्हीच राहा आत. मी त्या दाराजवळ फिरकतही नाही."

किल्ली गळ्यात गेली. खाकी कोट अंगावर चढला. दुसऱ्या सकाळपासून दारात उभं राहून, कप्प्यावर हात आपटून तपासणी सुरू. पंधरा दिवसांचं साचलेलं होतं. "हा खिळा कोणी काढला? शिंपले इतके जाड कुटतात? अक्कल गहाण टाकलीय का?"  मी ओट्यावरचं काम करत राहिले आणि मनात दिवस मोजत राहिले.

पाचव्या सकाळी दारातला आवाज बंद पडला. मी वळून पाहिलं. त्यांच्या तळहातावर अंडं होतं, पांढरं. कुलूप त्यांचं, किल्ली त्यांच्या गळ्यात, भाऊ दोन महिन्यांत फिरकलेला नाही. ते अंड्याकडे बघत होते, मग स्वतःच्या दुसऱ्या हाताकडे, जो कप्प्यावर ठेवलेला होता. तो त्यांनी हळूच उचलला. माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्यांची दया आली असं सांगितलं तर ते खोटं होईल.

त्या दिवसापासून लाव्यांच्या खोलीत ते कुजबुजायला लागले. चपला दाराबाहेर. दाराच्या बिजागरीला तेल. कडीला कापड गुंडाळलं. "ये गं, ये बाई, पाणी पी," असं ते शाईवालीला म्हणायचे, आणि तो आवाज मी या घरात कधी ऐकला नव्हता. मग दार अलगद ओढून घ्यायचे, स्वयंपाकघर ओलांडून बैठकीच्या खोलीत जायचे आणि तिथून ओरडायचे, "चहा गार आहे!" चोर हा शब्द पुन्हा काढला नाही. परतही घेतला नाही. कुलूप तेवढं एक दिवस दिसेनासं झालं.

आठवडाभर मी हे पाहिलं. मग एका सकाळी चहावरून सुरुवात झाली तशी मी माझा कप उचलला, राखी गाऊन चढवला, लाव्यांच्या खोलीत गेले आणि आतलं स्टूल ओढून बसले. कोणी उडालं नाही. पाखरं मला विसरली नव्हती. दोन मिनिटांत सासरे दारात.

"अगं ए..." आवाज चढला आणि मध्येच गिळला. पाऊल आत टाकून त्यांनी दार लोटलं. "इथे काय करतेस?" हे कुजबुजून.

"चहा पितेय. माझ्याशी जे बोलायचं ते आता इथेच बोलायचं."

ते उभे राहिले. मी बसून राहिले. चाळीस पाखरं दाणे टिपत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझा कप पूर्ण, गरम असताना संपला.

असं चार-पाच दिवस चाललं. मीठ, झाकण, गॅस, सगळं कुजबुजून. आणि कुजबुजून कोणाला फारसं झापता येत नाही, बोलणं लवकर आटपतं. एक दिवस त्यांनी पन्हाळीतून अंडं उचललं. काळा थेंब परत आला होता. ते अंडं त्यांनी माझ्यापुढे धरलं, मीही पाहिलं.

"ही कधी गेलीच नव्हती," मी म्हटलं.

"नाही."

"मग?"

त्यांनी अंडं बोटांत फिरवलं. "माझं चुकलं," ते म्हणाले, इतक्या हळू की मला ओठांवरून कळलं. "तुझ्या भावाला तसं बोलायला नको होतं."

दोन महिने मी या वाक्याची वाट पाहत होते. ते आलं आणि माझं समाधान झालं नाही.

"मोठ्यानं म्हणा," मी म्हटलं.

त्यांनी कप्प्यांकडे पाहिलं. "इथे?"

"इथे नको. बाहेर. जिथे चोर म्हणालात तिथे. आज रविवार आहे, दार उघडं आहे, सगळे घरात आहेत. भावाला मी फोन लावून देते."

मी उठून खोलीचं दार उघडून धरलं. बैठकीच्या खोलीतून नवऱ्याच्या वर्तमानपत्राची सळसळ येत होती, जिन्यात कोणीतरी बोलत होतं. सासरे दारापर्यंत आले. त्यांनी बाहेर पाहिलं, उघड्या दाराकडे, जिन्याकडे. तीन मजले ऐकू जाणारा गळा त्यांनी एकदा खाकरलाही. मग ते मागे वळले, पाण्याचं भांडं उचललं आणि पहिल्या कप्प्यापासून एकेक वाटी भरायला लागले, एक थेंबही न सांडता.

शाईवाली रोज काळ्या थेंबाचं अंडं घालते. भाऊ अजून आमच्याकडे आलेला नाही.